आरोग्य पाठ : रक्त कमी अन् कोलेस्टेरॉल जादा, मग चोथा खावा की खाऊ नये?



उसाच्या नोंदीसाठी गट ऑफिसात आलेल्या एका सभासदांनी परवा खिशातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. कागद नोंदीचे नव्हते, तपासणीचे होते. त्यांच्या मंडळींचे वय पंचेचाळीस. हिमोग्लोबिन ८.८ आणि एकूण कोलेस्टेरॉल २४६. एकाने सांगितले, रक्त कमी आहे, कलेजी खा. दुसऱ्याने सांगितले, चरबी वाढली आहे, कलेजी बंद करा, कोंड्यासकट पोळी खा, चोथा भरपूर खा. तिसऱ्याने सांगितले, कोंडा रक्त लागू देत नाही, कोंडा बंद करा! "आता बाईनं खावं तरी काय साहेब? नुस्तं पाणी पिऊन ऱ्हावं का?" असे ते वैतागून म्हणाले.

गंमत अशी की तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. घोटाळा तिघांची बेरीज करताना होतो. असे दोन कागद आता पुष्कळ घरांत निघू लागले आहेत, म्हणून हा पाठ.

प्रथम चोथा म्हणजे काय ते पाहू. ऊस गाळला की रस जातो आणि चिपाड उरते. चिपाडात जे असते ते फायबर, आणि त्याचे उसातील प्रमाण कारखान्याच्या रसायनशाळेत मोजले जाते. धान्य, डाळी, भाजी, फळ यांतही असा पचत नसलेला भाग असतो. पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात, आपण चोथा म्हणू. कारखान्यात बगॅस बॉयलरमध्ये जळते. पोटाच्या बॉयलरमध्ये चोथा जळत नाही, तो दुसरीच कामे करतो.

चोथा दोन जातींचा असतो. एक खरबरीत. गव्हाचा कोंडा आणि ज्वारीची साल या जातीतली. तो पोट साफ ठेवतो, पण कोलेस्टेरॉलवर त्याचा फारसा जोर चालत नाही. दुसरा बुळबुळीत, म्हणजे पाण्यात फुगणारा. इसबगोल, भिजवलेली मेथी, जवस, भेंडी, कडधान्ये, पेरू, मोसंबीची आतली पांढरी साल यांत तो असतो. कोलेस्टेरॉल कमी करण्याचे काम मुख्यतः याचे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते, पित्त आतड्यात येते आणि त्यातले बहुतेक शोषले जाऊन पुन्हा यकृताकडे जाते. बुळबुळीत चोथा त्यातले काही पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल उचलावे लागते. असा हा व्यवहार आहे. रोज ५ ते १० ग्रॅम असा चोथा पोटात गेला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण शंभरात पाच भाग उतरते. एवढेच. म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर मेथीच्या भरवशावर ती परस्पर बंद करू नये.

आता लोहाकडे वळू. हे आपणा ऊसवाल्यांना समजावून सांगायला सोपे आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत खोडवा पिवळा पडतो, पाने शिरा सोडून पांढरी होतात, आपण त्याला केवडा पडला म्हणतो. माती तपासली तर जमिनीत लोह भरपूर असते! पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकलेले असते की मुळाला उचलता येत नाही. मग आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो, किंवा फवारणीच्या पाण्यात हिराकसाबरोबर थोडे लिंबूसत्त्व टाकतो.

आपल्या आतड्यातही तेच घडते. ज्वारी, बाजरी, हरभरा यांत लोह आहे. पण धान्याच्या सालीत फायटेट नावाचा एक पदार्थ असतो. बियाणे आपला फॉस्फरस त्यात साठवून ठेवते. तो लोहाला घट्ट धरून बसतो. चहातला तुरटपणा तसाच धरतो. त्यामुळे भाकरी-भाजीतल्या लोहापैकी शंभरात पाच ते दहा भागच अंगी लागतात. मटण-मासळीतले लोह वेगळ्या रूपात असते, त्यातले पंधरा भागांहून जास्त शोषले जातात. तेव्हा खाल्ले किती, एवढ्यावर हिशेब संपत नाही. अंगी लागले किती, हे पाहावे लागते. आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत जे फेरस सल्फेट असते, ते जातीने आपले हिराकसच! (म्हणून कोणी शेतातले हिराकस चाटून पाहू नये. त्यात काय काय भेसळ असते ते दुकानदारालाच माहीत.)

मग त्या बाईंनी चोथा सोडावा काय? मुळीच नाही. कोणता चोथा, कसा करून, कशाबरोबर आणि चहापासून किती लांब, एवढे चार हिशेब जमवायचे.

पहिली गोष्ट, कोंड्याच्या नादी लागू नये. हल्ली पाकिटातला कोंडा विकत आणून पिठात कालवायची पद्धत निघाली आहे. ज्याच्या घरी भाकरी आहे त्याला त्याची गरज नाही. हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह, बाजरीत ११ ग्रॅम चोथा आणि ६ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिशच्या तांदळात चोथा ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ३० ग्रॅम चोथा लागतो. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर वीस ग्रॅम तिथेच झाला, उरलेला उसळ आणि भाजीतून येतो. अडचण भाकरीवाल्याची नाही. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात, रात्री मैद्याचे काहीतरी, अशी ज्याची गत झाली त्याची आहे. आणि ती झाली आहे हे कबूल करायला हवे. कापूस, सोयाबीन आणि आपला ऊस वाढला, ज्वारीचे रान कमी झाले, रेशनवर गहू-तांदूळ आला. ज्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती जालन्यातल्या किती घरांत आज रोज भाकरीला असते? बांधाकडेचे अर्धा एकर तरी घरच्या खाण्यासाठी ठेवा. नवे बी पाहिजे असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जादा असलेली ज्वारी २०१८ साली आली आहे. बाजरीत तशीच 'धनशक्ती' आहे. चौकशी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

दुसरी गोष्ट, कडधान्य मोड आणून खावे. मला विचाराल तर या दुहेरी दुखण्यावर मोडाच्या उसळीसारखे औषध स्वयंपाकघरात दुसरे नाही. मटकीत १०० ग्रॅमला ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, हुलग्यात त्याहून थोडे जास्त, हरभऱ्यात ७ च्या जवळपास. चोथा भरपूर आणि त्यात बुळबुळीत जातीचाही. दाणा भिजला, मोड आला, की तो आपल्या वाढीसाठी फायटेटची कुलपे स्वतःच उघडू लागतो. म्हणजे चोथा राहतो आणि अडवणूक कमी होते. रात्री भिजवावे, भिजवलेले पाणी टाकावे, फडक्यात बांधून एक दिवस ठेवावे. आंबवण्यानेही हेच साधते. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील आपल्या आज्या करीत होत्या. त्यांना फायटेट माहीत नव्हते, आंबील माहीत होती.

तिसरी गोष्ट, प्रत्येक जेवणात काहीतरी आंबट कच्चे असावे. शेणखतातल्या हिराकसाची आठवण ठेवा. क जीवनसत्त्व लोहाला मोकळे ठेवते. उसळीवर अर्धे लिंबू पिळावे, पण ताटात, शिजताना नव्हे, कारण शिजवल्याने ते जीवनसत्त्व पुष्कळसे जाते. आवळा सर्वांत भारी. पेरूत मोसंबीच्या चौपटीहून जास्त क जीवनसत्त्व आहे आणि चोथाही आहे, म्हणून मोसंबीच्या बागाईतदारांनी रागावू नये. जालन्याची मोसंबी जरूर खावी, मात्र रस काढून नको. रसात चोथा राहत नाही. फोडीच्या पातळ सालीसकट, पांढऱ्या रेषांसकट खावी.

चौथी गोष्ट चहाची, आणि इथे आमची आणि सभासदांची भांडणे होतात. जेवल्याबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली येऊ शकते. भाकरी-उसळ-लिंबू सगळे केले आणि वरून कपभर चहा ओतला, म्हणजे हिराकस टाकून त्यावर चुन्याची निवळी सोडल्यासारखे झाले. चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको, एवढेच. तोडणीच्या फडात मुकादम टोळीला भाकरीबरोबरच चहा पाजतो, तो तासाभराने पाजावा.

पालेभाज्यांविषयी एक खुलासा. पालकातले लोह ऑक्झॅलेटमुळे फार कमी लागते. पालक खाऊ नये असे नव्हे, पण नुसत्या पालकाने रक्त वाढत नाही. तांदुळजा, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याची भाजी, घोळ, अंबाडी, जे बांधावर आहे ते आलटून पालटून खावे. भाजी लोखंडी कढईत करावी. चुका, चिंच, टोमॅटो असे काही आंबट त्यात असले म्हणजे कढईचे लोखंड थोडे थोडे भाजीत उतरते, आणि ते कामाचे असते.

तेलाचे आणि तुपाचे थोडक्यात. करडईचे तेल आपले जुने आहे, त्यात जड चरबी कमी. मिळाले तर तेच वापरावे, पण तेही मोजून. डालडा आणि बेकरीची खारी-टोस्ट कोलेस्टेरॉलवाल्याने सोडावी. जवसाची आणि कारळ्याची चटणी रोज दोन चमचे असावी. जवसात चोथा आणि चांगली चरबी, कारळ्यात लोह. फक्त तेलाचा हात आवरावा.

मांसाहारी सभासदांनी कलेजीचे काय करावे? कलेजीत लोह खूप, कोलेस्टेरॉलही खूप. दोन्ही कागद बिघडलेले असतील तर आठवड्याला मोठा वाटा नको. त्यापेक्षा नदीची किंवा धरणाची मासळी, कातडी काढलेली कोंबडी, रस्सा पातळ, तर्री काढून. मांस-मासळीचा लहान तुकडासुद्धा त्याच ताटातल्या भाकरी-उसळीचे लोह अंगी लावायला मदत करतो. माळकरी घरांनी काळजी करू नये, पण ब-१२ जीवनसत्त्व विसरू नये. ते भाकरीत नाही, भाजीत नाही, दूध-दह्यात थोडे आहे. हातापायाला मुंग्या येत असतील आणि रक्त कमी असेल तर कितीही लोह खाऊन उपयोग नाही, ब-१२ तपासून घ्यावे लागते.

आता गुळाचे. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. "रक्त कमी आहे ना, गूळ-शेंगदाणे खा," हे आपण सगळ्यांनाच सांगतो. गुळात लोह आहे, साखरेपेक्षा निश्चित जास्त. पण दहा ग्रॅमच्या खड्यातून मिळते ते अर्ध्या-एक मिलिग्रॅमच्या घरात. बाईमाणसाला दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. म्हणजे गुळाने रक्त भरायचे तर ढेपच फोडून बसावे लागेल! आणि तेवढ्या गोडाने रक्तातली ट्रायग्लिसराईड नावाची दुसरी चरबी चढते. शेंगदाणे-गुळाचा एक लाडू खावा, आनंदाने खावा, औषध म्हणून खाऊ नये. साखरेचे तेच. साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा असे छापले म्हणून कोणी हसेल, हसू द्या. आपला टनाचा भाव आपल्या चहातल्या तिसऱ्या चमच्यावर ठरत नाही.

हे सगळे खाण्याचे झाले. पण हिमोग्लोबिन ८.८ असेल तर नुसत्या खाण्याने ते भरून निघत नाही, गोळी घ्यावीच लागते. बाईचे १२ च्या खाली, पुरुषाचे १३ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली गेले म्हणजे रक्त कमी समजावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींचे रक्त कमी निघाले. म्हणजे ही एका घराची गोष्ट नाही. गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागते. मळमळले तर जेवणानंतर घ्यावी. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको. इसबगोल किंवा भिजवलेली मेथी घेत असाल तर तिच्यात आणि या गोळीत दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर चोथा गोळीलाच धरून बाहेर जाईल. शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. बद्धकोष्ठ होते, आणि पुष्कळ बाया त्याच कारणाने आठ दिवसांत गोळ्या फडताळात टाकतात. इथे चोथाच उपयोगी पडतो. मात्र पाणी भरपूर प्यावे. पाण्याविना चोथा म्हणजे गव्हाणीत अडकलेली मोळी. हिमोग्लोबिन बरोबर आले तरी अंगातला साठा भरायला आणखी तीन महिने गोळी लागते. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मोठ्याला औषध असलेली ही गोळी मुलाने मूठभर खाल्ली तर जिवावर बेतते.

आता सर्वांत महत्त्वाचे. रक्त कमी का झाले, हे विचारल्याशिवाय गोळी घेणे म्हणजे चारी फुटलेली असताना मोटार चालू ठेवणे. पुरुषाचे रक्त कमी निघाले तर ते खाण्यामुळे असेल असे समजून कधीही गप्प बसू नये. मूळव्याध आहे काय? कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून आणून महिनोन् महिने खाल्ल्या काय? त्यांनी जठराला जखम होऊन आतल्या आत रक्त जाते. लोहाची गोळी चालू नसताना शौचास डांबरासारखे काळे होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पन्नाशीनंतर आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी नुसते कमी रक्त हीच असते. रात्रीची दारे अनवाणी धरणाऱ्यांना आकडेकृमीचा संसर्ग होऊ शकतो. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. औषध स्वस्त आहे, पण चपला त्याहून स्वस्त.

बायांचे कारण बहुधा अंगावरून जास्त जाणे हे असते, आणि ते त्या सांगत नाहीत. याबाबत एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात आरोग्य खात्याने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. टोळ्या आपल्या जिल्ह्यातूनही जातात आणि आपल्या फडातही येतात. जास्त जाण्यावर गोळ्या-औषधे असतात, पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. आणि पिशवीबरोबर कमी वयात अंडाशयही काढले तर पाळीचा काळ एकदम संपतो आणि कोलेस्टेरॉल वाढते. म्हणजे एका कागदाचे दुखणे मिटवायला जावे आणि दुसरा कागद बिघडावा असे होते. ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

आणि शेवटी त्या सभासदांच्या दोन कागदांकडे पुन्हा येतो. रक्त कमी आणि कोलेस्टेरॉल जादा, ही दोन्ही एकदम निघाली तर ती दोन वेगळी दुखणी असतीलच असे नाही. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद चालली तर एकाच वेळी कोलेस्टेरॉल चढते, रक्त उतरते, पाळीत जास्त जाते, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही, अंग जड वाटते. पंचेचाळिशीतल्या बाईत हे पुष्कळदा निघते, आणि घरचे लोक म्हणतात, वयच झाले. टीएसएच नावाची एक रक्ततपासणी केली की कळते. मूत्रपिंड बिघडले तरी असे दोन्ही दिसू शकते, तेव्हा क्रिएटिनिनही पाहून घ्यावे. थायरॉईड निघालेच तर त्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोहाची तिच्यानंतर चार तासांनी.

त्या बाईंची ही तपासणी अजून व्हायची आहे. तोवर त्यांना आम्ही कागदावर लिहून दिले ते असे : सकाळी उठल्यावर चहा, पण टोस्टाविना. तासाभराने आंबील किंवा भाकरी आणि जवसाची चटणी. दुपारी दोन भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची मोडाची उसळ, वरून लिंबू, कच्चा कांदा-कोथिंबीर. चार वाजता पेरू किंवा मोसंबी, आणि त्याच्याबरोबर लोहाची गोळी. पाच-साडेपाचला चहा, साखर एक चमचा. रात्री भाकरी, लोखंडी कढईतली पालेभाजी, पातळ वरण. दूध प्यायचे तर झोपताना. महिन्याने हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल पुन्हा तपासायचे, आणि जुने कागद बरोबर न्यायचे.

कागद वाचून ते म्हणाले, "हे तर आमच्या आईच्या वेळचंच जेवण झालं की!" आम्ही म्हणालो, हो, फक्त लिंबू वाढवले आहे आणि चहा सरकवला आहे.